धुरात धवला गायचा नाही

आक्का, आज संध्याकाळी डोंगर पुन्हा पेटला. दुकानात बसल्या बसल्या मला आधी वास आला, मग मागच्या कड्यावर ती लाल रेघ दिसली. मी शटर अर्ध्यावर ओढलं, घरात येऊन खिडक्या लावल्या आणि सवयीनं अंगण ओलांडून तुझ्या दारात ओरडले, "आक्का, खिडक्या!" आतून कुणी "लावल्या गो बाय, नको बोंबलू" असं म्हणालं नाही. तुझं तेरावं कालच झालंय, हे मी साफ विसरले होते. मग मीच आत शिरले आणि तुझ्या सगळ्या खिडक्या लावून आले.

दोन जावा इतकी वर्षं एका अंगणात राहिल्या आणि मध्ये भिंत उभी राहिली नाही, याचं गावाला नवल वाटायचं. त्यांना काय माहीत! भांडायला समोरचं तोंड दिसावं लागतं, म्हणून आपण भिंत घातली नाही.

तू थोरली, उरणकडच्या मिठागरावाल्यांची लेक. मी धाकटी, ठाण्याच्या नोकरदार घरातली, डी.फार्म. होऊन आलेली. पनवेलपासून एवढ्याशा अंतरावरचं हे गाव मला तेव्हा जगाच्या टोकाला वाटायचं. लग्नाच्या मांडवात तू तुझ्या जोडीनं गाणाऱ्या हिराबायला शेजारी घेऊन बसलीस आणि धवला सुरू केलास, तेव्हा मला वाटलं ही बाई कुणाशी तरी भांडतेय. इतका चढा आवाज! आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकं असायची, तीही लाजत लाजत म्हटलेली. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण नसेल तर लग्न लागत नाही, हे मला नंतर कळलं. तू आधी देवांना बोलवायचीस, मग गावाला आणि शेवटी त्या घरातून निघून गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन, या, तुमची जागा राखून ठेवलीय, जेवून जा, असं. तुझा श्वास जिथे संपायचा तिथून हिराबाय ओळ उचलायची आणि ती संपवेपर्यंत तू पुढचा श्वास भरून घ्यायचीस. तुमच्या दोघींच्या मध्ये ओळ कधी खाली पडली नाही. मी माप ओलांडायच्या आधी माझ्या न पाहिलेल्या सासूला तू नावानं हाक मारलीस. शब्द कळत नव्हते, तरी माझ्या अंगावर काटा आला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर मिरवलं असतंस.

पावसाळ्यात आपल्या डोंगराचे फोटो काढायला लोक मुंबईहून येतात. शिमगा झाला की तोच डोंगर वाळून काडेपेटी होतो. कुणी नवं गवत चांगलं यावं म्हणून पेटवतं, कुणी बिडी टाकतं, कुणी सुट्टीच्या दिवशी वर जाऊन चूल मांडतं आणि तशीच सोडून येतं. आग डोंगरावर राहते, धूर राहत नाही. दिवे लागले की गार हवेबरोबर तो खाली उतरतो आणि गावात मुक्काम ठोकतो. रात्रभर गल्लीत बसतो आणि उन्हं चांगली तापली की मगच उठतो. वरून गोवा हायवेवरचे न्हावा शेव्याचे कंटेनर आपली भर घालतातच.

आणि आपण काय करायचो? पहाटे उठून दारं-खिडक्या सताड उघडायचो. लक्ष्मी यायची ना! धूर सगळ्यात दाट असायचा तेव्हाच आपण म्हणायचो, सकाळची ताजी हवा घरात येऊ दे. संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले की दारं लावून घ्यायची आणि आत मच्छरांसाठी शेणीच्या निखाऱ्यावर धूप टाकायचा. बाहेरच्या धुराला हाकलायचं आणि घरात दुसरा पाळायचा. माझ्या दुकानात त्या दिवसांत खोकल्याच्या बाटल्या पुरायच्या नाहीत. बाटली देताना मी प्रत्येकाला सांगायची, धूप नको, कॉइल नको, पहाटे खिडक्या उघडू नका. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन धूप घालायचे. तूही त्यातलीच. माझ्या सांगण्यावर एकदा म्हणाली होतीस, "तुजं आयकलं तं मच्छर आमाला उचलून नेतील."

मग ती हळद आली. आपल्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव मांडवात, डीजे, जेवणावळ आणि आभाळात फटाके. त्या रात्री डोंगर दोन बाजूंनी पेटला होता आणि मांडवातल्या दिव्यांभोवती धुराची वलयं दिसत होती. फटाक्यांची माळ लागली, तिचाही धूर तिथेच बसला. तू धवला म्हणत होतीस. घरच्या गेलेल्या माणसांपर्यंत पोचलीस, नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव घेतलंस आणि आवाज बंद झाला. ओळ अर्ध्यात तुटली. हिराबायनं उचलायच्या आधीच तुटली, म्हणून तिलाही काय करावं कळेना. तू तोंड उघडून बसली होतीस आणि श्वास आत जात नव्हता. मी धावले, तुला उचलून घरात आणलं, दार लावलं. बाहेर बाया कुजबुजत होत्या की धवला तुटला, अपशकुन झाला.

अपशकुन कसला, दमा होता. पनवेलच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं आणि पंप लिहून दिला. तू पंप हातात घेऊन असा धरलास, जसं कुणी मेलेली पाल दिली असावी. "याची सवय लागते. एकदा लावला का सुटत नाय."

"जेवणाचीही सवय लागलीय, ती सोडा आधी," मी म्हणाले.

तोवर मी तुला अहो-जाहो करायची. थोरली जाऊ, रीत होती. पण तू पंप न घेता दोन दिवस घरात धापा टाकत फिरलीस आणि वर पदर तोंडाला लावून पुन्हा दुसऱ्या हळदीला निघालीस, तेव्हा मी दारात आडवी आले. "गप आत जा तू! मरशील तिथे!" असं माझ्या तोंडून निघालं. तू थबकलीस. मला वाटलं आता काही खरं नाही. तू मात्र हसलीस आणि म्हणालीस, "आता कशी जाऊ शोभतंस." आणि आत गेलीस. त्यानंतर आपल्यात अहो-जाहो राहिलं नाही.

पदरावरून मात्र आपण पुष्कळ भांडलो. तुझं म्हणणं, पदर नाकाला लावला की झालं, आईनं तेच केलं, आजीनं तेच केलं. मी सांगायची, धूर इतका बारीक असतो की पदरातून पाण्यासारखा जातो, घट्ट बसणारा मास्कच हवा. शेवटी मी दुकानातला एन-९५ तुझ्या तोंडाला स्वतः बांधला. तू आरशात बघितलंस. "मलनीच्या बैलाला मुसकं बांधतात तसं दिसतंय." तेव्हापासून त्याचं नाव मुसकं पडलं. आजही दुकानात लोक येतात आणि एन-९५ म्हणत नाहीत. "शैलाताय, दोन मुसकी द्या," म्हणतात. कंपनीनं ऐकलं तर रडेल.

पण एकदा पटलं की तू थांबणारी नव्हतीस. मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून जे झालं नाही, ते तू एका लग्नसराईत केलंस, आणि याचा मला थोडा रागही आला होता. धवलारणीला सुपारी द्यायला लोक घरी येतात. तू सुपारी हातात घ्यायच्या आधी अट घालायला लागलीस. हळदीला फटाके नाहीत. डोंगर पेटलेला असेल तर मांडवात बसणार नाही, घरात दारं लावून बसेन. तान्ही पोरं आणि दमेकरी धुरात बसवायचे नाहीत. "धुरात धवला गायाचा नाय. पटत असंल तं सुपारी ठेवा, नायतर दुसरी धवलारीन बगा." दुसरी कुठे होती? हिराबायला विचारलं तर ती म्हणायची, मी एकटी ओळ कशी धरू? लोक चडफडत गेले, पण सुपारी ठेवून गेले. ज्या घरात पोराच्या हळदीला फटाक्यांची गाडी भरून आणायची हौस, त्या घरानं ती गाडी परत पाठवली. तुझ्या धवल्यावाचून लग्न लागलं तर गेलेली माणसं जेवायला येणार नाहीत, ही भीती माझ्या सगळ्या औषधविद्येपेक्षा मोठी निघाली.

समाजमंदिराची खोली हीसुद्धा तुझीच करणी. महिला मंडळ त्या वर्षी नवे स्पीकर घेणार होतं. मी म्हटलं, हवा गाळायचं यंत्र घेऊ, एक खोली धुराच्या दिवसांसाठी राखू, म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि लहान पोरं तिथे निजतील. सगळ्या बायांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अंगणात विमानतळ मागितलाय. तू उठलीस आणि म्हणालीस, "स्पीकर हाय. गाना म्हननारीच्या छातीत वारा नाय. आधी कना घेयाचा ता सांगा." यंत्र आलं. खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लागल्या. मग तू उकाड्यावरून माझ्याशी भांडलीस, "धुरानं नाय तं घामानं मारशील," आणि ते मात्र खरं होतं. चैत्रात बंद खोलीत माणसं उकडून निघतात. म्हणून एसी बसवला, बाहेरची हवा आत न ओढणारा. सकाळी उन्हं वर आली, धूर उठला की खिडक्या उघडायच्या, हे काम तू आपल्याकडे घेतलंस. यंत्राला एक दिवा आहे, हवा वाईट असली की लाल, चांगली झाली की हिरवा. पोरांपेक्षा तूच तो जास्त बघत बसायचीस.

तिथे पहिल्याच रात्री भिवाकाकांशी तुझी जुंपली. समाजमंदिरातल्या गणपतीच्या तसबिरीपुढे रोज उदबत्ती लावायचा मान त्यांच्या घराचा. त्यांनी लावली आणि दिवा लाल झाला. तू म्हणालीस, विझवा. काकांचा आवाज चढला, "देवाम्होरं उदबत्ती नाय लावाची? आता देवाला पन तुजी अट?"

"देवाला फुप्सां हायत का नाय ता मना ठाव नाय, भिवादादा. तुला हायत ना? मंग इझव."

काका रागानं उठून घरी गेले आणि धूर उतरलेला असताना रात्रभर स्वतःच्या घरात खोकत बसले. पुढचे कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. पण दुसऱ्या रात्री उशी घेऊन आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तसबिरीपुढे मग तू जास्वंदीचं फूल ठेवायला लागलीस.

पलीकडच्या नव्या टॉवरांत राहणाऱ्यांना तू केलेला उपदेश मी कधी विसरणार नाही. ती माणसं पहाटे धुरात पळायला निघायची, कानात वायरी घालून. तू रस्त्याच्या मध्ये उभी राहायचीस, मुसकं हनुवटीवर ओढून. "कनाला धावताव? घरा जा. उना वर आली का या." एक बाई म्हणाली, "आँटी, मॉर्निंगला फ्रेश एअर असते." तू तिला हाताला धरून माझ्या दुकानात आणलंस आणि मला म्हणालीस, "हिला समजव, हिला माजी भाषा कलत नाय." ती बाई आता आपल्या मंडळात आहे. काल तेराव्यालाही आली होती, कोपऱ्यात बसून रडली.

एवढं सगळं करताना तू एकच गोष्ट ऐकली नाहीस, आणि त्यावर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. मी म्हणायची, बाकीच्यांना सांग, पण स्वतः बाहेर पडू नकोस. तुझी फुप्फुसं आता तो धूर सोसणारी नाहीत. तू म्हणायचीस, दारात जाऊन सांगितल्याशिवाय कुणी उठत नाही. मी म्हणायची, फोन कर, मी गटावर मेसेज टाकते. तू म्हणायचीस, म्हातारीला फोन ऐकू येतो का? मुसकं लावून तुझा आवाज पोचायचा नाही, म्हणून तू ते हनुवटीवर ओढायचीस आणि मी लांबून ओरडायची, "वर! वर ओढ!" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. तू हात हलवायचीस, माशी हाकलल्यासारखा.

या वर्षी त्यात ऋतुजाच्या लग्नाची भर पडली. माझी एकुलती एक पोर, तू मांडीवर वाढवलेली. मुलाकडच्यांनी वैशाखातली तारीख काढली, आम्ही हो म्हटलं, हॉल ठरला. मी पेढे घेऊन तुझ्याकडे आले. तू पेढा हातात धरलास, खाल्ला नाहीस.

"वैशाखात नको. तुलशीच्या लग्नानंतर धर. डोंगुर वला असतो तवा."

"आक्का, हॉल ठरलाय. लोकांना सांगून झालंय."

"वैशाखात मना श्वास पुरत नाय, शैला."

मी म्हटलं, पुरेल, घरात बसून म्हण, एसी लावू, तुझीच अट आहे ना ती. तू म्हणालीस, मागच्या वर्षी दारं लावूनही मला तीन वेळा थांबावं लागलं. हिराबायनं सांभाळून घेतलं, कुणाला कळलं नाही. आता सगळं गाव उन्हाळ्यातली लग्नं पुढे ढकलायला हळूहळू तयार होतंय, आणि माझ्याच घरचं लग्न वैशाखात झालं तर मी दुसऱ्याला काय तोंडानं सांगू? मी म्हणाले, तुला पोरीपेक्षा तुझी अट मोठी. तू म्हणालीस, तुला पोरीपेक्षा तुझा हॉल मोठा. मी पेढ्यांचा डबा तुझ्या ओट्यावर आपटला. दोन दिवस आपण अंगणात समोरासमोर आलो तरी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू डबा धुऊन परत पाठवलास, आत ओल्या नारळाच्या करंज्या घालून. रिकामा डबा परत द्यायची तुला सवय नव्हती, भांडणातसुद्धा. पण तारखेवरून तू मागे हटली नाहीस, मीही नाही. मला आजही वाटतं की पोरीच्या आईला मुलाकडच्यांना नाही म्हणणं इतकं सोपं नसतं, आणि हे तुला कळायला हवं होतं. तू समोर असतीस तर हेच तोंडावर म्हटलं असतं.

डोंगर या वेळी लवकर पेटला. त्या संध्याकाळी धूर गल्लीत उतरायला लागला आणि तुझ्या लक्षात आलं की डोंगराच्या पायथ्याशी शेवटच्या घरातली म्हातारी अजून खोलीत आलेली नाही. मी दुकानात गिऱ्हाइकाला पंप कसा ओढायचा ते दाखवत होते. तू समोरून गेलीस, मी हाक मारली, तू तोच माशी हाकलायचा हात केलास. म्हातारीला घेऊन परत आलीस तेव्हा मुसकं हनुवटीवर होतं. म्हातारी ठणठणीत होती. तू ओट्यावर बसलीस ती उठली नाहीस.

तू धुरानं गेलीस असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. तुझं हृदय बरेच दिवस थकलेलं होतं, ते म्हणाले, आणि छातीत संसर्ग झाला. मी औषधं विकते, मला कळतं की एका गोष्टीवर खापर फोडता येत नाही. तरी त्या संध्याकाळचा तुझा तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पनवेलच्या हॉस्पिटलात तुझ्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू डोळ्यांनी मला जवळ बोलावलंस आणि मास्कवर बोट ठेवलंस. "ता पन मुसकाच." मी हसले. हसता हसता रडायला आलं, म्हणून खिडकीकडे वळले. तुझा नितीन तुझे पाय चेपत होता. मला वाटलं, आता तू लग्नाचं काहीतरी बोलशील, तारखेचं. मीही मनात जुळवाजुळव करत होते, मागे हटायची की तुला पुन्हा समजवायची, ते ठरत नव्हतं. तू विचारलंस, "खोलीतला दिवा हिरवा झाला का?"

मी हो म्हणाले. मला माहीत नव्हतं. मी दोन दिवस गावात गेलेच नव्हते. पण तू डोळे मिटलेस आणि तुझा चेहरा सैल पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आली, गावातला धूर उठला असेल त्या वेळी, तू गेलीस. आपण शेवटचं जे बोललो ते एका यंत्राच्या दिव्याबद्दल. बाकी सगळं राहूनच गेलं. तुझ्या आवाजानं माझ्या अंगावर काटा यायचा, हे राहिलं. ठाण्याहून आलेल्या बावळट मुलीला तू स्वयंपाकघरात कुणासमोर कधी कमी दाखवलं नाहीस, हे राहिलं. मला तू फार आवडायचीस, आक्का. एवढं साधं वाक्य म्हणायला आपल्याला जागाच झाली नाही, सगळी जागा भांडणानं भरलेली होती.

काल तेरावं समाजमंदिरात केलं. घरात माणसं मावेनात. जेवणं उरकेपर्यंत दिवस कलला, डोंगरावरून वास यायला लागला, तशी बायांनी कुणी न सांगता खिडक्या लावल्या. तुझा फोटो गणपतीच्या तसबिरीखाली ठेवला होता. नितीननं आईसाठी म्हणून उदबत्त्यांचा अख्खा पुडा फोडला आणि पेटवला. त्याला काय बोलणार? पोराची आई गेलीय. यंत्राचा दिवा हिरव्याचा लाल झाला.

भिवाकाका भिंतीला टेकून बसले होते. गुडघ्यावर हात देऊन उठले, फोटोपर्यंत आले, नितीनच्या हातातून उदबत्त्या घेतल्या आणि पाण्याच्या तांब्यात बुडवल्या. चर्र आवाज झाला. "तिला चालाचं नाय," एवढंच म्हणाले. मग खिशातून जास्वंदीचं फूल काढलं, थोडं चुरगळलं होतं, ते तुझ्यापुढे ठेवलं. फूल त्यांनी घरूनच आणलेलं होतं. नितीन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि मग खोलीतलं कुणीच रडायचं थांबेना.

थोड्या वेळानं थोरल्या मंडळींनी ऋतुजाच्या लग्नाचा विषय काढला. घरात दुःख झालंय, वैशाखात शुभकार्य कसं करायचं? मुलाकडची माणसं भली, ती स्वतःच म्हणाली, तुळशीच्या लग्नानंतर बघू. हॉलवाल्याशीही बोलणं झालं. मी ऐकत बसले होते आणि मला एकदम हसू फुटलं. बायांना वाटलं मला भोवळ आली. हसू याचं की शेवटी तू तुझंच खरं केलंस. तारीख बदलून घेण्यासाठी बाई मेली, असं मी हिराबायच्या कानात म्हणाले. हिराबायनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि तीही हसली, डोळे पुसत.

मग ती म्हणाली, "लगीन तं होईल. पन माज्या मागून कोन धरील?"

मी म्हटलं, बघू कुणीतरी. ती म्हणाली, "कुनीतरी नाय. तू धर. फुडचं मी म्हनीन." मी सांगितलं, मी ठाण्याची, मला अर्धे शब्द अजून कळत नाहीत, माझा आवाज म्हणजे दुकानाचं शटर. तिला काही फरक पडला नाही. "आवाज नको. श्वास पायजे. यमुनानं तुजा श्वास राखला ना इतकी वरसं? मंग?" मला उलट सांगता आलं असतं की तुझा श्वास राखायला मी धडपडत होते, तू माझा नव्हे. पण सांगितलं नाही. कदाचित दोन्ही खरं असेल.

आज दुपारी तिनं मला पहिल्या ओळी शिकवल्या, खिडक्या लावून. शब्द तोंडात बसत नाहीत. दोनदा ती कपाळाला हात लावून बसली. पण कार्तिकाला वेळ आहे. तोवर पाऊस येऊन जाईल, डोंगर हिरवा होईल, लोक येऊन फोटो काढतील. तुळशीचं लग्न लागेल तेव्हा गवतात अजून ओल असेल, कुणी काडी लावली तरी पेटणार नाही. ऋतुजाच्या मांडवात हिराबाय आधी देवांना बोलावेल, मग गावाला, मग या घरातून गेलेल्यांना. सासूबाईंचं नाव येईल आणि त्याच्या पुढे तुझं. यमुनाबाय, ये, तुझी जागा राखून ठेवलीय, जेवून जा. तिथे हिराबायचा श्वास संपेल आणि पुढचं मला धरायचं आहे.

मी तिथे तुटणार नाही, आक्का. तू फक्त वेळेवर ये.